स्ट्रोकनंतर चालणं परत कसं येतं

घरातल्या माणसाला पॅरालिसिसचा झटका, म्हणजेच स्ट्रोक, आला की पहिले एक-दोन दिवस नातेवाईक डॉक्टरांना एवढंच विचारतात, जिवाला धोका नाही ना? तो टळला की लगेच पुढचा प्रश्न येतो: चालतील ना? डॉक्टर बहुधा ‘बघू, फिजिओथेरपी सुरू करू’ म्हणतात आणि पुढच्या पेशंटकडे वळतात. उत्तर टाळल्यासारखं वाटतं, पण पहिल्या आठवड्यात नेमकं सांगणं खरोखरच अवघड असतं. मात्र फिजिओथेरपी म्हणजे नक्की काय, किती, आणि त्यातलं चालण्यासाठी उपयोगाचं काय, याबद्दल गेल्या तीसेक वर्षांत बरंच कळलेलं आहे. ते घरच्यांपर्यंत फारसं पोचत नाही, म्हणून हा लेख.

आधी शक्यता किती, ते पाहू. डेन्मार्कमधल्या कोपनहेगन शहरात स्ट्रोकच्या ८०४ रुग्णांची चालण्याच्या दृष्टीने नीट नोंद ठेवली गेली आणि १९९५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. दाखल झाले तेव्हा त्यांतल्या ५१ टक्के लोकांना अजिबात चालता येत नव्हतं, १२ टक्के कुणाच्या तरी आधाराने चालत होते, बाकीचे स्वतःचे स्वतः. उपचार आणि पुनर्वसन संपलं तेव्हा २१ टक्के दगावले होते, १८ टक्के चालू शकत नव्हते, ११ टक्क्यांना आधार लागत होता आणि निम्मे लोक कुणाच्याही मदतीशिवाय चालत होते. याच अभ्यासातला दुसरा आकडा जास्त गाजला: ९५ टक्के रुग्णांचं चालणं जेवढं सुधारायचं तेवढं पहिल्या ११ आठवड्यांतच सुधारलं. ‘तीन महिन्यांत काय व्हायचं ते होतं, पुढे काही नाही’ असं जे आजही सर्रास ऐकू येतं, त्याला अशा आकड्यांचा आधार दिला जातो. ते अर्धंच खरं आहे. उरलेल्या अर्ध्याकडे पुढे येऊ.

पाय ओढत का चालतात?

मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला तर उजवं अंग जातं, उजव्या बाजूला आला तर डावं, हे बहुतेकांना माहीत असतं. कमी माहीत असलेली गोष्ट अशी की पायाच्या हालचाली सांभाळणारा भाग मेंदूच्या दोन अर्ध्या गोलांच्या मधल्या खाचेत, आतल्या भिंतीवर असतो. हाताचा आणि चेहऱ्याचा भाग बाहेरच्या बाजूला असतो. सगळ्यांत जास्त झटके ज्या रक्तवाहिनीत येतात, ती मुख्यतः या बाहेरच्या भागाला रक्त पुरवते. म्हणून बऱ्याच जणांचा पाय हाताच्या आधी आणि हातापेक्षा जास्त सुधारतो. पाय चालायला लागला म्हणजे महिन्याभरात हातही येईल, असा हिशेब मात्र करू नये.

आता चाल. एका पायाची टाच जमिनीला टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंतचा फेरा धरला, तर त्यातला साधारण ६० टक्के वेळ तो पाय जमिनीवर असतो आणि ४० टक्के हवेत. या दोन वेळांची कामं अगदी वेगळी आहेत. जमिनीवरच्या पायाने शरीराचं वजन पेलायचं, गुडघ्यात दुमडायचं नाही, आणि शेवटी पोटरीने मागून ढकलून शरीर पुढे न्यायचं. हवेतल्या पायाने खुबा, गुडघा आणि घोटा एकदम वाकवून स्वतःची लांबी कमी करायची, म्हणजे पंजा जमिनीला न घासता पुढे येतो.

स्ट्रोकनंतर ही दुसरी गोष्ट हमखास अडते. गुडघा वेळेवर वाकत नाही, घोटा वर उचलला जात नाही, पंजा लोंबतो. पाय लांबच्या लांब राहतो आणि घासतो. मग माणूस नकळत तोड काढतो: कंबर वर खेचून पाय बाहेरून अर्धवर्तुळात फिरवतो. आपण ज्याला ‘पाय ओढत चालणं’ म्हणतो ते हेच. शिवाय कमजोर पायावर वजन टाकायची भीती असल्यामुळे चांगला पाय घाईघाईने, तोकडं पाऊल टाकून खाली टेकवला जातो. काहींचा गुडघा उभं राहताना मागच्या बाजूला झटकन जातो. अशा चालीत तेवढंच अंतर कापायला निरोगी माणसाच्या साधारण दीडपट ते दुप्पट शक्ती खर्च होते. ‘चार पावलं चालून लगेच बसतात, मनावरच घेत नाहीत’ अशी कुरकुर करणाऱ्या मुलासुनांनी हे लक्षात घ्यावं.

ताकद हा एकच प्रश्न नसतो. कित्येकांना पाय कुठे टेकलाय तेच कळत नाही, कारण त्या बाजूची जाणीव गेलेली असते. उजव्या मेंदूत झटका आलेल्या काहींचं डावीकडच्या जगाकडे लक्षच जात नाही. ते दाराच्या डाव्या चौकटीला धडकतात. आणि एक प्रकार तर घरच्यांना चक्रावून टाकतो. बसवलेलं माणूस चांगल्या हाताने जोर लावून स्वतःला कमजोर बाजूकडे ढकलतं, आणि सरळ करायला गेलं तर विरोध करतं. हा हट्ट नव्हे. जर्मनीतल्या कार्नाथ आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवलं, की या रुग्णांना आपलं शरीर चांगल्या बाजूला साधारण १८ अंश कललेलं असताना सरळ वाटतं. म्हणजे आपण त्यांना खरोखर सरळ बसवतो तेव्हा त्यांना आपण पडतोय असं वाटत असतं. डोळ्यांनी दिसणारा उभा-आडवा मात्र त्यांना बरोबर कळतो. त्यामुळे धरून ओढण्यापेक्षा समोरची दाराची चौकट किंवा भिंतीचा कोपरा दाखवून ‘याच्याशी समांतर व्हा’ म्हणणं जास्त उपयोगी पडतं. बहुतेकांचा हा प्रकार काही महिन्यांत कमी होतो, पण तोवर चालणं शिकवायला वेळ लागतो.

किती लवकर सुरू करायचं?

एके काळी स्ट्रोकच्या रुग्णाला कित्येक दिवस, आठवडे झोपवून ठेवत. मग वारं उलट फिरलं आणि जितकं लवकर उठवाल तितकं चांगलं असं सगळे म्हणू लागले. त्याची परीक्षा ‘अॅव्हर्ट’ नावाच्या चाचणीत झाली. पाच देशांतली ५६ रुग्णालयं, २१०४ रुग्ण, निकाल २०१५ मध्ये. एका गटाला पहिल्या २४ तासांतच अंथरुणाबाहेर काढून दिवसातून अनेकदा उभं केलं, चालवलं. दुसऱ्या गटाला तिथल्या नेहमीच्या पद्धतीने. तीन महिन्यांनंतर चांगल्या स्थितीत असलेले लोक पहिल्या गटात ४६ टक्के निघाले आणि नेहमीच्या पद्धतीच्या गटात ५०. अति घाई, तीही मोठ्या मात्रेत, अंगाशी येते. पण हा नेहमीच्या पद्धतीचा गटही काही आठवडाभर पडून नव्हता. त्यांतले निम्म्याहून जास्त लोक पहिल्या दिवसभरात अंथरुणाबाहेर आलेले होते. तेव्हा यातून ‘आराम करू द्या’ असा अर्थ काढू नये. पहिल्या दिवशी दमवू नका, आणि एकदा प्रकृती स्थिर झाली की थोडं थोडं, पुन्हा पुन्हा उठवा, असा साधा अर्थ आहे.

सुरुवात पलंगाच्या कडेला पाय सोडून बसण्याने होते. आधाराशिवाय बसता आलं की उठून उभं राहणं. खुर्चीतून उठायला लागणारे स्नायू आणि चालताना वजन पेलणारे स्नायू बरेचसे तेच, त्यामुळे हा एकच व्यायाम दिवसातून भरपूर वेळा करण्यासारखा आहे. खुर्ची आधी उंच घ्यायची, जमेल तशी बुटकी. दोन्ही टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईल इतकं वाकायचं आणि मग उठायचं. नवख्या माणसाची चूक म्हणजे सरळ वर उठायला बघणं. पुढे झुकल्याशिवाय कुणालाच उठता येत नाही. उठवताना कमजोर हात धरून किंवा काखेत हात घालून ओढायचं नाही. त्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात; ओढल्याने सांधा दुखावतो आणि मग तो खांदा महिनोन्‌महिने ठणकत राहतो. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरावा. साधा कापडी पट्टाही चालतो.

झोपून नाही, चालून

घरोघरी दिसणारी फिजिओथेरपी बहुतेक अशी असते: रुग्ण पलंगावर, फिजिओ पाय धरून वाकवतो, सरळ करतो, थोडं करंट मशिन लावतो, अर्ध्या तासाने जातो. त्यात भर म्हणून सकाळ-संध्याकाळ तेलाची मालिश. आणि कुणीतरी कबुतराच्या रक्ताचा सल्ला देऊन गेलेलं असतंच. (त्या कबुतराला सोडून द्यावं.) मालिशीने बरं वाटतं, सांधे आखडू नयेत म्हणून पाय वाकवणंही गरजेचं. पण काठावर हातपाय मारून पोहता येत नाही, तसं झोपून पाय हलवल्याने चालता येत नाही. मेंदू जे काम करतो त्यातच तरबेज होतो. वाचलेल्या पेशींनी गेलेल्या पेशींचं काम उचलायचं तर तेच काम त्यांच्यासमोर हजारो वेळा यावं लागतं.

आणि ते येत नाही. अमेरिका आणि कॅनडामधल्या सात ठिकाणी संशोधकांनी फिजिओथेरपीच्या ३१२ सत्रांमध्ये बसून मोजलं आणि २००९ मध्ये आकडे छापले. ज्या सत्रांत चालण्याचा सराव झाला, त्यांतही सरासरी पावलं भरली ३५७. निरोगी माणूस दिवसाला काही हजार पावलं सहज टाकतो. सुसज्ज केंद्रांत ही स्थिती, तर आपल्याकडे पलंगावरच्या अर्ध्या तासात किती पावलं पडत असतील याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. माझ्या मते फिजिओला विचारायचा सगळ्यांत कामाचा प्रश्न ‘आज कोणते व्यायाम घेतले’ हा नसून ‘आज किती पावलं चालवलं’ हा आहे.

एक जुना वादही इथे सांगायला हवा. बर्लिन सोडून लंडनला आलेल्या बेर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्याने गेल्या शतकाच्या मध्यावर एक पद्धत रुजवली: आधी स्नायूंचं आखडणं काबूत आणा, हालचाल सुबक करा, चुकीची चाल अंगवळणी पडू देऊ नका. कित्येक पिढ्या फिजिओ यावर शिकले. हालचालीकडे बारकाईने बघायला त्यांनीच शिकवलं, हे मान्यच. पण सुबकतेची वाट पाहत चालणं लांबवणं परवडत नाही, असंच नंतरच्या अभ्यासांचं म्हणणं आहे. चाल वाकडी असली तरी सुरक्षित असेल तर चालू द्यावं.

मग मशिनचं काय? मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांच्या जाहिरातींत रोबो असतो: रुग्ण वरून पट्ट्यांनी टांगलेला, पायांना यांत्रिक सांगाडा, खाली ट्रेडमिल. ज्या माणसाला अजून उभंही राहता येत नाही त्याला शेकडो पावलं टाकायला लावण्याचा हा एक मार्ग आहे, आणि तिथे त्याचा उपयोग दिसतो. २०२० मध्ये ६२ चाचण्या एकत्र करून पाहिलं तेव्हा अशा यंत्राच्या जोडीला फिजिओथेरपी दिली तर साधारण ८ रुग्णांमागे एकाचं परावलंबी चालणं टळतं, असं निघालं. फायदा मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांतल्या आणि अजून न चालणाऱ्या लोकांना. जो आधीच काठी घेऊन चालतो आहे आणि ज्याच्या स्ट्रोकला सहा महिने उलटून गेले आहेत, त्याने रोबोवर पैसे घालवू नयेत. अमेरिकी फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही याच गटासाठी तेच सांगतात. त्यांच्यासाठी सूचना साधी आहे: चाला, आणि जरा दम लागेल इतक्या जोरात चाला. किती जोरात? बोलता येईल पण गाता येणार नाही, इतपत. बीपीच्या काही गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत, म्हणून नुसत्या नाडीवर भरवसा ठेवता येत नाही. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारणं आलंच.

मशिनबद्दल सगळ्यांत बोलका निकाल २०११ मधल्या ‘लीप्स’ या अमेरिकी चाचणीचा आहे. ४०८ रुग्ण. काहींना स्ट्रोकनंतर दोन महिन्यांनी टांगत्या पट्ट्यांच्या ट्रेडमिलवर चालवलं, काहींना तेच सहा महिन्यांनी, आणि काहींच्या घरी फिजिओने येऊन ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम घेतले. प्रत्येकी ३६ सत्रं, दीड-दीड तासाची. वर्षाअखेरीस तिन्ही गट जवळपास सारखेच. एकूण ५२ टक्के लोकांची चाल एक पायरी वर गेली. महागडं यंत्र आणि घरचा फिजिओ यांत फरक पडला नाही. आणि मघाशी उरलेलं अर्धं सत्य इथे आहे: ज्यांचा सराव सहा महिन्यांनी सुरू झाला तेही वर्षाअखेरीस इतरांच्या बरोबरीला आले. सुरुवातीला आपोआप होणारी सुधारणा तीनेक महिन्यांत मंदावते. सरावाने होणारी सुधारणा तिथे थांबत नाही. पण त्या ३६ सत्रांचा आकडाही विसरू नये. आपल्याकडे पंधरा दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून फिजिओ बंद करणारी घरं कमी नाहीत.

काठी, स्प्लिंट आणि चपला

काठी कमजोर बाजूला धरतात असा सार्वत्रिक समज आहे. ती चांगल्या हातात धरायची. आधी काठी, मग कमजोर पाय, मग चांगला पाय. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी. सुरुवातीला चार पायांची काठी बरी, कारण ती स्वतः उभी राहते. पण तिचे चारही पाय एकदम टेकावे लागतात, म्हणून वेग वाढला की साधी काठीच सोयीची. वॉकर दोन्ही हातांनी धरावा लागतो, त्यामुळे एक हात गेलेल्यांना तो बहुधा जमत नाही. दुकानदार मात्र तोच गळ्यात मारतो.

पंजा लोंबत असेल तर घोट्याला आधार देणारी प्लास्टिकची स्प्लिंट, जिला एएफओ म्हणतात, लगेच फरक दाखवते. पाय घासत नाही, अडखळणं कमी होतं. स्प्लिंट लावली की पाय आळशी होईल ही भीती मनातून काढावी. ती लावून जास्त पावलं पडत असतील तर तिचं काम झालं. तयार मिळणाऱ्यापेक्षा मापाने बनवलेली चांगली, आणि पायाची जाणीव गेलेली असेल तर रोज रात्री ती काढून कुठे लाल वळ उठला आहे का ते पाहायचं. मुंबईत हाजी अलीजवळच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन या केंद्र सरकारच्या संस्थेत अशा गोष्टींसाठी स्वतंत्र विभाग आहे. अडचण आपल्या राहणीची आहे: स्प्लिंट बुटात बसते आणि आपण घरात अनवाणी फिरतो. त्यासाठी घरातला बुटाचा एक वेगळा जोड ठेवावा. अंगठ्याच्या चपला, सपाता तर अजिबात नकोत; मागे पट्टा असलेली सँडल हवी.

घर पावलागणिक तपासावं. उंबरा, ओली मोरी, जाजम, मोबाईलच्या चार्जरची वायर. लीप्सच्या वर्षभरात अर्ध्याहून जास्त लोक निदान एकदा तरी पडले होते, आणि ते तर तपासणीखाली असलेले लोक. रात्री बाथरूमला जाताना पडण्याची शक्यता मोठी. पलंगापासून तिथपर्यंत मिणमिणता का होईना दिवा आणि भिंतीला दांडा असावा. पडू नये म्हणून खुर्चीतच बसवून ठेवणं हा उपाय नाही. पण सगळी जबाबदारी घरच्यांवर टाकणं हाही नाही. भारतात १४ रुग्णालयांतल्या १२५० रुग्णांवर झालेल्या ‘अटेंड’ चाचणीत एका गटातल्या रुग्णांच्या नातेवाइकांना काही तासांचं प्रशिक्षण देऊन घरी व्यायाम घ्यायला सांगितलं होतं; दुसऱ्या गटाला नेहमीचेच उपचार. २०१७ मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनी दगावलेले किंवा परावलंबी असलेले दोन्ही गटांत ४७ टक्के. घरच्यांची माया कमी पडली असं कुणी म्हणणार नाही. पण माणसाला कधी रेटायचं, कधी धरायचं आणि कधी हात सोडायचा हे तीन दिवसांत शिकता येत नाही. आजारी बायकोला पाणी हातात आणून देणारा नवरा आणि उठायला लावणारा फिजिओ, दोघांची गरज वेगळी आहे.

चालताना छातीत दुखलं, गरगरलं, एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली, किंवा बोलणं नव्याने अडखळलं, तर सराव तिथेच थांबवून दवाखाना गाठायचा. एरवीचा थकवा चालतो.

प्रगती डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून मोजावी. फिजिओ यासाठी दहा मीटर चालायला किती सेकंद लागतात ते बघतात. सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी, म्हणजे दहा मीटरला २५ सेकंदांहून जास्त, ही चाल घरापुरती. ०.८ च्या पुढे, म्हणजे साडेबारा सेकंदांच्या आत आलं, की माणूस बाहेर बऱ्यापैकी मोकळा फिरतो. सिग्नलवर रस्ता ओलांडायला बऱ्याच ठिकाणी सेकंदाला १.२ मीटर वेग धरलेला असतो, तेव्हा बाहेर पडताना एवढं ध्यानात ठेवावं. सोसायटीच्या पॅसेजमध्ये किंवा अंगणात खडूने दोन रेघा मारून हे घरीही मोजता येतं. वेग घ्यायला आणि थांबायला दोन्ही टोकांना थोडी जागा सोडायची. चालता चालता गप्पा मारून बघावं: बोलायला लागल्याबरोबर जे माणूस थांबतं, त्याला एकट्याने बाजारात पाठवायची वेळ अजून आलेली नाही. दर पंधरवड्याला एकदा, त्याच रेघांवर, तीच काठी आणि तीच पादत्राणं घेऊन मोजायचं आणि आकडा तारखेसह कॅलेंडरवर लिहायचा, म्हणजे पुढच्या भेटीत फिजिओला ‘बरं आहे’ याऐवजी काहीतरी सांगता येतं.